मिशीखालची धूळ

२०२२ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. दात सगळे माझेच होते, मिशी पांढरी पण ताठ होती, आणि कोणाचं ऐकून घ्यायची वेळ माझ्यावर आयुष्यात आली नव्हती. त्या साली हा माणूस माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आला.

त्याचं नाव लिहीत नाही. माणूस हयात आहे. नाव दिसलं तर वाचेल, आणि वाचलं तर चुका काढत बसेल. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. तो कुठल्याच शाळेत मास्तर नव्हता. "मी मास्तर नाही," असं तो पहिल्या दिवसापासून सांगायचा, पण सांगायची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याने हाताची घडी घालून उभं राहावं.

बोईसरला माझं घर आहे. मूळ आम्ही मुरब्याचे, बाप मासेमारी करायचा. मी तिसरीतून शाळा सोडली आणि पुढे कारखान्यांत खलाशी झालो. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. अवजड मशीन दोरखंड आणि चेनपुली लावून उचलायची आणि केसाचाही फरक न पडता जागेवर बसवायची, ते काम. त्यातूनच घर बांधलं, मागे खोल्या काढल्या. कारखान्यातली पोरं राहतात, यूपीची, साताऱ्याची, जळगावची. कामावर जातात, येतात, झोपतात. त्यांचा त्रास नाही. हा एकटाच दिवसभर घरात.

सामान टेम्पोतून आलं. एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक गादी, आणि बाकी सगळं घोंगडीत गुंडाळलेलं, चपटं. टेम्पोवाल्याने त्यातला एक नग जरा आपटला तर हा किंचाळला, "अरे हळू! आत आजीबाई आहेत!" टेम्पोवाला दोन पावलं मागेच सरला. घोंगडी सोडली तर आत खरंच आजीबाई. नऊवारी, नथ, आणि तोंडावर एवढी काजळी की जन्मभर चुलीतच बसवल्या होत्या जणू.

जुनी तैलचित्रं घरी बसून साफ करायची, हा याचा धंदा. मुंबईत कोणा म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकला म्हणे. डहाणूकडचे चिकूच्या वाड्यांचे मालक, पालघरचे जुने व्यापारी, कुठल्या शाळेचे देणगीदार, असली सगळी मेलेली माणसं याच्याकडे धुवायला यायची. ज्यांचं काम चालू नसेल त्यांची तोंडं हा भिंतीकडे करून ठेवी. का, विचारलं तर म्हणे, "विश्रांती घेतायत." चालू कामाशी हा बोले. "साहेब, आज कान करू या." बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत न्हावी बसलाय.

पंखा लावायचा नाही, धूळ उडते. संध्याकाळी कारखान्यांकडून तो आंबूस वास आला की पळत सुटायचा, चित्रांवर प्लास्टिक टाकायला. अंगावर शर्ट ओला झाला तरी चालेल, आजीबाईंना वास लागता कामा नये. आणि माझ्या घरातल्या तळणावर त्याचा डोळा. नव्हे, नाक.

"मालक, वहिनी काय तळतायत?"

"बोंबील. पाठवू?"

"खिडकी लावा. धूर चित्रावर बसतो."

"माझ्या घरात माझ्या बायकोनं बोंबील तळायचे नायत?"

"तळा की. खिडकी लावून तळा."

आणि रात्रीच्या जेवणाला पाठवलेली बशी चाटूनपुसून परत.

त्याचं एक पालुपद होतं. "लोळवा, घासू नका." ते त्याच्या कापसाच्या काडीसाठी होतं, पण तो कोणालाही सांगायचा. बायको नळावर कढई घासत असली तरी, "वहिनी, घासू नका." पोरं मोटारसायकल धूत असली तरी तेच. एकदा मी दात घासत होतो तर माझ्यामागे येऊन उभा. मी ब्रश तोंडातून काढला आणि म्हणालो, "एक शब्द बोललास तर हा तुझ्या कानात घालीन." तो गेला, पण मान हलवत गेला.

एका रविवारी यूपीचा एक भाडेकरू पोरगा धावत आला. "चाचा, चाचा! पीछेवाला बुड्ढा फोटो पे थूक रहा है! किसी की दादी पे!"

मी गेलो. मास्तर बसक्या स्टुलावर, पुढ्यात आजीबाई. हातात बांबूची बारीक काडी, टोकाला कापूस गुंडाळलेला. कापूस तोंडात धरला, जिभेवर फिरवला, आणि आजीबाईंच्या गालावर टेकवून हळूच लोळवला. कापूस काळा झाला. तो काढून टाकला, नवीन गुंडाळला, पुन्हा तोंडात. खिडकीच्या कठड्यावर काळ्या कापसाचा ढीग. गालावर मात्र गव्हाळ कातडी वर आली होती, जिवंत.

"मास्तर, लाज नाय वाटत? कोनाच्या म्हातारीला थुंकी लावता?"

त्याने मान वर केली नाही. "लहानपणी आई तुमचं तोंड कशाने पुसायची? पदराच्या टोकाला काय लावून?"

मग म्हणालो, "ते लेकराचं झालं. लेकरू कधी आईला थुंकी लावतं काय?"

"लावत नाही, म्हणूनच तर या काळ्या पडल्या."

वर मला समजावलंही. म्हणे थुंकी फुकट असते, कोमट असते आणि पाहिजे तेवढीच येते. मळ सोडवते, रंगाला धक्का लावत नाही. पाणी जास्त होतं, साबण तर वैरी. फक्त तोंड स्वच्छ हवं. हा सकाळी काम संपेपर्यंत तिखट-लसूण तोंडात घालत नसे. आणि मी कंपनीत लागल्यापासून तंबाखूवाला. त्याने बोट दाखवून सांगितलं, "तंबाखूवाल्याने उंबऱ्याबाहेर." खोली माझी, उंबरा माझा, गवंड्याच्या शेजारी उभं राहून मी बसवून घेतलेला. आणि मी बाहेर!

असल्या माणसाच्या हातात मी माझा बाप का दिला? नातीमुळे. ती सुट्टीत आली होती. हॉलमधल्या चित्राकडे बोट करून म्हणाली, "आजोबा, तो बंद टीव्ही कशाला टांगलाय?"

तो माझा बाप होता. मी नुकता चालायला लागलो होतो तेव्हा तो समुद्रात गेला, बोटीसकट. फोटो असा एकही नाही. कुठलासा फिरता चितारी गावात उतरला होता, आमच्या घरी जेवला-झोपला आणि जाताना हे चित्र देऊन गेला, एवढं आईने सांगितलं होतं. अख्ख्या मुरब्यात एवढी माणसं, पण चिताऱ्याने बसवलं माझ्या बापाला, हे मी कंपनीत, लग्नात, मयतीत, सगळीकडे सांगत आलो. डोक्यावर लाल टोपी, उघडे खांदे, आणि मिशी. माझ्या तोंडावर लव फुटली तेव्हापासून मी ती मिशी बघून माझी मिशी राखली. न्हाव्याला घरी आणून चित्र दाखवलं होतं. गावच्या म्हाताऱ्या म्हणत, बापावर गेलाय. माझा बाप मी पाहिला तो तेवढाच. आणि नातीला तो बंद टीव्ही दिसला.

मास्तरने चित्र हातात घेतलं आणि हुंगलं. "खोबरेल?"

"दसऱ्याला लावतो."

"का?"

"बोटीला तेल लावतो, लाकडाला लावतो, मग बापाला नको? चमक येते."

"मालक, तुम्ही चित्राला तेल लावून दिव्यासमोर टांगलंत. काजळ असंच धरतात."

आजही मी म्हणतो, चमक येतेच. पण त्या वेळी चित्र त्याच्या हातात होतं, म्हणून गप्प बसलो.

किती दिवस लागतील, विचारलं. म्हणाला, "घाण करायला जेवढे लावलेत त्यातले थोडे द्या." मग टोपीचं टोक घेऊन बसला. मी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली. टोपी लाल झाली. तसला लाल मी पाहिलाच नव्हता. कान आला. खांदा आला, उन्हाने तांबूस झालेला. मी पुढे वाकलो की हा म्हणे, "बघू नका, मला घाई होते." आणि डोळे, गाल यांना हातच लावेना. "तोंड शेवटी," एवढंच.

एक दिवस त्याने मला हाक मारली. "मालक, तंबाखू थुंकून आत या."

आपण होऊन आत बोलावतोय म्हणजे काहीतरी बिघडलं, हे मला कळलं. त्याने माझ्या हातात भिंग दिलं. मिशीच्या उजव्या टोकाला चिंचोक्याएवढी जागा साफ केली होती. तिथे मिशी नव्हती. कातडी होती.

"ही मिशी नंतरची आहे," तो म्हणाला. "चिताऱ्याची नाही. रंगच वेगळा, जाड, बोटीला लावतात तसला."

"तू माझ्या बापाची मिशी पुसलीस?"

"मालक, मिशीवर धूळ असते, ते मला समजतं. पण इथे मिशीखाली धूळ आहे. माणूस आधी धुळीत बसतो आणि मग मिशी वाढवतो, असं कधी पाहिलंत?"

माझ्या डोक्यात काय गेलं सांगता येत नाही. त्याला म्हटलं, खोली खाली कर. तो म्हणाला, करतो, पण चित्र अर्धवट देणार नाही. खोटी मिशी काढीन, मग जाईन. मी म्हटलं, बाप माझा, मिशी माझी, हात लावून बघ. आणि चित्र उचलून चालू लागलो. तर हा घोंगडी घेऊन माझ्या मागे मागे. "आडवं नका धरू हो! निदान उभं धरा!" सगळी चाळ बघायला बाहेर आली. यूपीचा पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "चाचा का बाप है. मूँछ का लफड़ा है."

घरात येऊन चित्र भिंतीला टेकवलं. ते टोक तेवढं डोळ्यात खुपे. आरशात गेलो तर तिथे माझी मिशी. ती कोणाची मग? एवढी वर्षं तेल लावून, कात्रीने सारखी करून मी कोणाची मिशी सांभाळली?

बायको म्हणाली, "अवो, तुमी दोगं म्हातारे डोकी कशाला फोडता? एडवनला आत्या हाय ना जिती. तिनं बघितलाय तुमच्या बापाला. तिला इचारा."

बापाला पाहिलेलं तेवढंच एक माणूस शिल्लक होतं. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा ठरवली. चित्र घेऊन बसलो तर मास्तर आधीच आत. "चित्र एकटं जाणार नाही," म्हणे. एकटं? मी काय शेळी होतो? पालघर गाठेपर्यंत त्याने रिक्षावाल्याचा जीव खाल्ला. प्रत्येक गतिरोधकाला, "हळू, आत माणूस आहे!" रिक्षावाला आरशातून मागे बघे. मागे तर आम्ही दोन म्हातारे आणि मध्ये घोंगडी.

आत्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मोतीबिंदू काढलेला, नजर आता माझ्यापेक्षा बरी. घोंगडी सोडली. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि टोपीवर बोट ठेवलं.

"घासू नका," मास्तर म्हणाला.

"ह्यो कोन?" आत्याने विचारलं.

"कोन नाय. तू बघ. माज्या बाला मिशी होती का नव्हती?"

"होती की. तुज्यावानी झुपका नाय, बारीक होती."

झुपका! पण होती म्हणाली ना. मी मास्तरकडे बघितलं, असं बघितलं की त्याने तिथूनच चालत बोईसरला जावं.

"पन ह्या फोटोत नवती," आत्या म्हणाली.

मग तिने सांगितलं. शेंगा सोलत सोलतच सांगितलं. "आमचा बा, तुजा आजा, गेला ना, त्याच्या मागनंच तो चितारी आला. दादानं डोकं, मिशी, समदं उतरवलेलं बापासाठी. बोट वर वडून ठेवलेली, कार्य झालं तरी खाली लोटायचा जीव होत नवता त्याचा. नायतर दर्यावरचा मानूस तो, कोना म्होरं असा गप बसतोय कदी? बसून रडायचा, म्हनून चिताऱ्यानं तसाच काढला. टोपी का घातली वाटते तुला? टक्कल दिसू नये म्हनून."

अख्ख्या मुरब्यातून माझ्या बापालाच बसवलं, हे मी जन्मभर सांगत आलो. तो का बसला, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"मंग मिशी?"

"तुज्या आयनं काढून घेतली, दादा गेल्यावर. भितीवर येवडा एकच फोटो, तोबी सुतकातला. म्हनाली, ह्यो काय कायम बापासाठी रडतच ऱ्हानार? माज्याकडं बगनार कदी? बोटीवर नावं काढनारा व्हता एक, त्याला बोलावला. ही बाजूला उबी. 'जरा जाड कर, जरा जाड कर' करीत."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हनून तर तुजा झुपका झाला, पोरा."

येताना केळवं मागे पडलं. मग मी म्हणालो, "मास्तर, काढा मिशी."

"नाही."

मला वाटलं ऐकू आलं नाही. "काढा म्हनतो. मला माजा बाप बघायचाय, होता तसा."

"मालक, मी मळ काढतो. हा मळ नाही. तुमच्या आईने उभं राहून करून घेतलंय."

"हेच तू काल काढायला निगाला होतास! खोटी मिशी, खोटी मिशी करून माझं डोकं खाल्लंस!"

"काल मला माहीत नव्हतं."

"आज मी सांगतोय, काढ."

"नाही."

आता सांगा, असल्या माणसाचं काय करायचं? नको म्हटलं तेव्हा काढायला बसला होता, हो म्हटलं तर हात मागे. माहीम आलं, पालघर आलं, आमचं चालूच. शेवटी रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली. "काका, तुमी उतरून भांडा, मी थांबतो. मीटर नाय लावत."

घरी आल्यावर मास्तरने चित्र आपल्या खोलीत नेऊन स्टुलासमोर लावलं. मी उंबऱ्यावर. तो म्हणाला, "मिशी राहू दे. टोकाला साफ केलेली ती चिंचोक्याएवढी खिडकीही राहू दे, तेवढ्यातून दिसतात तेवढे वडील दिसतील. आता गाल आणि डोळे राहिलेत. ते मी करणार नाही."

"का?"

"माझे वडील नाहीत ते."

आणि बांबूच्या काड्यांची जुडी आणि कापूस माझ्या हातात ठेवून दार लावून घेतलं. मी जन्मभर खलाशीकाम केलं. मशीन अधांतरी लटकत ठेवून चहाला गेलेला माणूस मी पाहिला नाही. दारावर उभं राहून त्याला सगळं ऐकवलं. अर्धवट कामाचा मास्तर, म्हटलं. मी या काड्यांना हात लावणार नाही, म्हटलं. थुंकी लावायला माझा बाप काय पाटी आहे? म्हटलं. चाळीतली पोरं ऐकून ऐकून झोपली, मीही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. उठल्याबरोबर मी तंबाखू मळतो, ती मळली नाही. डबी बायकोच्या हातात दिली. मिठाच्या पाण्याने चूळ भरली, मग साध्या पाण्याने, मग पुन्हा मिठाच्या. काड्या घेतल्या आणि मागच्या खोलीशी गेलो. मास्तरने दार उघडलं, पुढे वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला, विचार केला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी उंबऱ्याच्या आत जाऊन बसलो. बाप समोर, टोपी लाल, तोंड काळं. कापूस गुंडाळला, जिभेवर धरला आणि बापाच्या डाव्या डोळ्याखाली टेकवला.

"लोळवा," मागून मास्तर म्हणाला. "घासू नका."

"कळतं मला," मी म्हणालो, आणि लोळवला.